वाळूवरून वसईकडे

श्रोतेहो, आपल्या बागलीचे पाणी दोन समुद्रांना जाते. गावाच्या परिसरात उगम पावणारी काळीसिंध उत्तरेची वाट धरते. ती चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला मिळते, यमुना गंगेला मिळते आणि अखेर ते पाणी बंगालच्या उपसागरात विसर्जित होते. विंध्याचा कडा उतरून दक्षिणेकडे धावणारे ओढे मात्र नर्मदेचा आश्रय घेतात आणि खंबायतच्या आखातातून अरबी समुद्राला पोहोचतात. समुद्राची वाट आपल्या पाण्याला ठाऊक आहे, पण आपल्याला ती तितकीशी परिचित नाही. माळव्यातील मराठी माणूस पूर्वजांच्या पराक्रमाची गोष्ट सांगू लागला, म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे भोपाळ, दिल्ली आणि पानिपत उभे राहते; घोड्यांच्या टापा आणि मैदानातील धूळ हीच त्या गोष्टीची सामग्री असते. त्या गोष्टीत खारा वारा नाही आणि लाटांचा आवाजही नाही.

वस्तुतः धार, देवास, इंदूर आणि ग्वाल्हेर ह्या चारही दरबारांच्या मूळ पुरुषांचा वा त्यांच्या वंशजांचा संबंध कोकणच्या एका किनाऱ्याशी जडलेला आहे. तो किनारा वसईचा. उत्तरेस वैतरणेचे मुख, दक्षिणेस वसईची खाडी, आणि ह्या दोहोंच्या दरम्यान अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत पसरलेली सुमारे पंधरा किलोमीटरांची वाळूची पट्टी. माझे मूळ गाव त्याच बाजूचे. शिक्षकाच्या पेशाने मी बागलीत आलो. दिवाळीनंतर शाळाशाळांतून सहलीचे बेत सुरू झाले, की 'समुद्र पाहावयाचा तर कोठे जावे?' हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे, हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम दिशेचा विचार करू. बहुतेक प्रवासी वसई रोड स्थानकावर उतरतात, वाहनाने थेट किल्ल्यात जातात, पडक्या भिंतींपुढे छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळी परत फिरतात. अशा भेटीत किल्ला दिसतो, पण तो तेथे का आहे आणि कसा घेतला गेला हे उमगत नाही. म्हणून माझे सांगणे असे, की आरंभ उत्तरेकडून करावा. इंदूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईच्या उपनगरांपर्यंत यावे, तेथून लोकलने विरार आणि विरारहून बसने अर्नाळा गाठावा. नंतर समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे पायी निघावे. वसईच्या किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्राचा आणि खाडीचा वेढा आहे. उत्तरेची बाजू तेवढी जमिनीला जोडलेली. ज्यांनी हा किल्ला लढून घेतला ते ह्याच बाजूने आले. आपणही त्याच बाजूने, पायाखाली वाळू घेऊन आलो, तर इतिहासाचे पुस्तक योग्य पानापासून उघडल्यासारखे होईल.

दुसरा विचार काळाचा. पावसाळ्यात ह्या पुळणीवर पाऊल टाकू नये. पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळूची सपाटी. कोकणातला हा शब्द आपल्याकडे फारसा ऐकू येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने उत्तम. पण महिना ठरला म्हणजे दिवस ठरला असे नाही. समुद्रकाठी घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. भरती आणि ओहोटी ह्यांच्यात साधारण सहा तास बारा मिनिटांचे अंतर असते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर त्यासाठी एक सोपा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला वा अमावास्येला मात्र भर दुपारी बाराच्या सुमारास समुद्र काठोकाठ भरतो.

ह्यावरून बेत आपोआप ठरतो. पौर्णिमेचे चांदणे पाहण्याच्या हौसेने निघालेला यात्रिक पहाटे रुंद पुळण पाहून हुरळतो, आणि दोन-तीन तासांनी पाणी पायाशी येऊ लागले म्हणजे गोंधळून जातो. सप्तमी-अष्टमी ह्या दोन तिथी धराव्यात. सकाळी आठला निघालो तर समुद्र मागे हटत असतो, ओली आणि घट्ट वाळू चालावयास मोकळी होत जाते आणि दुपारपर्यंत आपल्याला कोणी अडवीत नाही. शिवाय ह्या दिवसांत भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याची चढउतार बेताची असते. उधाणाच्या दिवशी हीच चढउतार चार मीटरांहूनही अधिक होते. मोठ्या माणसांसाठी एक दिवस पुरेल; मुले बरोबर असतील तर दोन दिवस ठेवावेत. जेथे खाडीचे तोंड किंवा चिखल आडवा येईल तेथे धाडस न करता गावातील रस्त्याने वळसा घ्यावा, आणि त्याआधी तेथल्या कोळीबांधवांना विचारावे. त्यांचा शब्द छापील कोष्टकाहूनही प्रमाण मानावा.

आता चालावयास लागू. अर्नाळ्याच्या पुळणीवर उभे राहिले, की समोर पाण्यात एक बेट दिसते. त्या बेटावर अर्नाळ्याचा किल्ला आहे. होडीने तेथे जाता येते. वैतरणेच्या मुखावर नजर ठेवणारे हे ठाणे मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतले आणि नव्याने बांधून काढले. दरवाजावरील मराठी शिलालेखात बाजीराव पेशव्याच्या आज्ञेचा उल्लेख आहे. वसई पडण्याच्या दोन वर्षे आधीची ही घटना आहे, हे ध्यानात ठेवावे. वसईची मोहीम एका दिवसात झालेली नाही. १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी हाती आली, पण वसई घेण्याचा त्या वेळचा प्रयत्न फसला. किल्ल्याभोवतीचा मुलूख तुकड्यातुकड्याने सोडवावा लागला, आणि अर्नाळा हा त्यातला एक तुकडा.

अर्नाळ्याहून दक्षिणेस नवापूर, राजोडी, कळंब अशी गावे ओळीने येतात. ह्या टप्प्यात यात्रिकाने एकदा समुद्राकडे पाठ करून जमिनीकडे पाहावे. भरतीची रेघ जेथे संपते तेथून वाळूचे उंचवटे सुरू होतात. वारा कोरडी वाळू उडवून आत आणतो. एखादी वेल, एखादे गवत तिला अडवते. अडलेल्या वाळूवर पुन्हा वेल पसरते आणि अशा रीतीने टेकडी वाढते. ह्या कामी सर्वांत पुढे असते ती जांभळ्या फुलांची मर्यादवेल. समुद्राची मर्यादा राखणारी म्हणून तिचे हे नाव पडले असावे, असे तिच्याकडे पाहताच वाटते. तिच्या मागे सुरूच्या झाडांच्या रांगा आहेत, आणि त्यांच्याही मागे वाड्या: केळी, नारळ, भाजीपाला, फुलझाडे.

समुद्रापासून थोड्याच अंतरावर केळीच्या बागा कशा पिकतात, हा प्रश्न विद्यार्थ्यांना अवश्य विचारावा. उत्तर वाळूतच आहे. पावसाचे पाणी वाळूत मुरते. गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्यामुळे ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. त्या गोड्या पाण्याच्या थरावर येथल्या विहिरी चालतात. एके काळी त्या विहिरींवर बैलांचे रहाट करकरत असत; रहाट म्हणजे काय हे माळव्याला सांगावयास नको. वाळूचा साठा जेवढा मोठा तेवढा हा गोडा थर जाड. वाळू काढून नेली, किंवा विहिरीतून बेसुमार उपसा केला, तर खारे पाणी वर चढते आणि एकदा चढलेले खारेपण लवकर जात नाही. अर्नाळ्याला लागून असलेली आगाशी सुकेळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली, की मधासारखी गोड सुकेळी होतात. परतताना ती जरूर घ्यावीत. पण खाताना हेही सांगावे, की ह्या गोडीच्या मुळाशी समुद्रकाठची ती वाळूची टेकडी आहे.

पहिल्या दिवसाची चाल कळंबला संपवून दुपारी आत वळावे आणि सोपाऱ्याला जावे. आजचे नालासोपारा हे गजबजलेले उपनगर आहे. प्राचीन काळी हेच शूर्पारक बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासग्रंथात ह्या बंदराचे नाव येते, आणि त्याच ग्रंथात उज्जयिनीहून भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या मालाचेही वर्णन आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी सोपाऱ्यातील 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेकडी उकरली. आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला आणि स्तूपाच्या गर्भात दगडी पेटी सापडली. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही मिळाला. पुढे १९५६ मध्ये नवव्या शिलालेखाचा तुकडा भुईगावला मिळाला. हे भुईगाव आपल्या वाटेवरच, कळंबच्या दक्षिणेस आहे. राज्यावर येण्यापूर्वी अशोक उज्जयिनीचा अधिकारी होता, असे सिंहली ग्रंथ सांगतात. माळव्यात राहून गेलेल्या राजाचा शब्द ह्या किनाऱ्यावर दगडात कोरलेला सापडावा, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे.

पण त्याहून लक्षात घेण्याजोगा आहे तो आठव्या लेखाचा आशय. अशोक म्हणतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. शिकार आणि तशाच इतर करमणुकी हा त्या यात्रांचा हेतू असे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो स्वतः संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. ह्या यात्रांत ब्राह्मणांची आणि श्रमणांची भेट घ्यावयाची, त्यांना दान द्यावयाचे, वृद्धांना भेटावयाचे, आणि जनपदातील लोकांची गाठ घेऊन त्यांच्याशी धर्माविषयी बोलावयाचे. विहारयात्रा आणि धर्मयात्रा ह्यांतला भेद अशोकाने असा केला आहे. वाट तीच, पायही तेच; पण वाटेत माणसे भेटली की नाही, ह्यावरून यात्रेचा प्रकार ठरतो. समुद्रकाठच्या सहलीचा बेत आखणाऱ्याने ही कसोटी आपल्या बेताला लावून पाहावी. दोन हजार दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही सूचना आजही जुनी झालेली नाही.

ह्या कसोटीने दुसऱ्या दिवसाची आखणी करावी. पुळणीच्या मागील गावांत अनेक प्रकारचे लोक नांदतात: कोळी, मांगेला, वाडवळ, आगरी, सामवेदी. कित्येक जातींत हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही शाखा आहेत. सामवेदी बोली आणि वाडवळी बोली ऐकताना आपल्या माळवी कानांना आरंभी काही उमगणार नाही. पण थोडा धीर धरला तर जुनी मराठी रूपे ओळखू येऊ लागतात. जवळच्या निर्मळ गावी एका शंकराचार्यांची समाधी असल्याची परंपरा आहे आणि कार्तिकात तेथे मोठी जत्रा भरते. त्याच गावात ख्रिस्ती बांधवांचे होली क्रॉस चर्च आहे. गावात थांबावे, एखाद्या वाडीच्या मालकाला त्याची विहीर दाखवण्याची विनंती करावी, एखाद्या वृद्ध आजीला तिच्या बोलीतील चार शब्द विचारावेत. हे सर्व बेतात वेळ राखूनच होते. गाडी पकडण्याच्या घाईत होत नाही.

भुईगावाहून रानगाव आणि पुढे सुरूची बाग ओलांडली, की किल्ला जवळ येतो. येथे यात्रिकाने गती मंद करावी. ह्याच उत्तर बाजूला १७३९ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत मराठी फौज मोर्चे लावून बसली होती. सेनापती चिमाजी आप्पा. त्याआधी जानेवारीपासून केळवे-माहीम, तारापूर अशी उत्तरेकडील ठाणी एकेक करून घेण्यात आली होती. तारापूरच्या तटावर चार बाजूंनी हल्ला झाला. त्या चार सरदारांत बाजी भिवराव आणि रामचंद्र हरी ह्यांच्याबरोबर यशवंतराव पवार आणि तुकोजी पवार ही नावे आढळतात. एक धारच्या गादीवरचे, दुसरे देवासच्या थोरल्या पातीचे मूळ पुरुष. बाजी भिवराव तारापुरास गोळी लागून पडले. वसईच्या वेढ्याला मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे हेही आले. भोपाळजवळ निजामाला कोंडून वर्षच लोटले होते. माळव्यातून उठलेली तीच माणसे आता समुद्राच्या वाळूत खंदक खणीत होती.

वाळूत खणणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी मुलांना तेथे हाताने एक खड्डा खणावयास सांगावे. वीतभर खोल जाईपर्यंत कडा ढासळतात, आणि थोडे आणखी खाली गेले की पाणी लागते. अशा जमिनीत तटाच्या दिशेने खंदक पुढे रेटावयाचे, वरून तोफांचा मारा सोसावयाचा आणि बुरुजाच्या पायापर्यंत सुरुंग पोहोचवावयाचे. किल्ल्यातील लोकही शर्थीने लढत होते. त्यांचा सेनाधिकारी सिल्वेरा द मेनेझिस वेढ्यात मारला गेला आणि काएतानो द सौझा परेरा ह्याने सूत्रे हाती घेतली. दारूगोळा संपत आला तेव्हा चर्चमधील चांदीची भांडी तारण ठेवून मुंबईच्या इंग्रजांकडून पैसे उभे करण्याची पाळी त्यांच्यावर आली. मे महिन्यात सॅन सेबास्टियन बुरुजाखालील सुरुंग उडाले आणि तटाला खिंडार पडले. काही सुरुंग मात्र उशिरा उडाले, आणि खिंडारातून धावून गेलेले मराठे शिपाईच त्यांत सापडले.

१६ मे १७३९ रोजी शरणागतीचा तह झाला आणि २३ मे रोजी किल्ल्याचा ताबा मिळाला. इंग्रजी कागदांत ह्याच तारखा ५ आणि १२ मे अशा दिसतात, कारण इंग्रज त्या वेळी अकरा दिवस मागे असलेले जुने पंचांग वापरीत होते. विद्यार्थ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून हे सांगितलेले बरे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई घेतलेल्या पोर्तुगीजांचा दोनशे पाच वर्षांचा अंमल संपला. ग्रँट डफने दिलेल्या आकड्यांप्रमाणे पोर्तुगीजांचे आठशे लोक मेले वा जखमी झाले, आणि मराठ्यांची हानी त्यांच्याच कबुलीने पाच हजारांहून अधिक होती.

पाच हजार हा आकडा पुस्तकात वाचणे निराळे आणि त्या पुळणीवर उभे राहून उच्चारणे निराळे. सरदारांची नावे कागदावर राहिली; त्यांच्या मागून चालणाऱ्यांची राहिली नाहीत. त्यांतले कित्येक माळव्यातून आलेले असणार. त्यांच्यापैकी अनेकांनी समुद्र प्रथम पाहिला तो ह्याच वेढ्यात, आणि कित्येकांनी त्यानंतर काहीच पाहिले नाही. चिमाजी आप्पांचे स्मारक किल्ल्याजवळ आहे आणि ते उचितच आहे. ह्या अनामिकांसाठी मात्र वाळूवर काही उभे नाही. वाळूवर काही उभे राहतही नाही. आपण तेथवर पायी जावे आणि क्षणभर मुकाट्याने उभे राहावे, एवढेच आपल्या हाती आहे. त्या क्षणात तटाच्या आतील आठशेही गणावेत. मृत्यूनंतर त्यांच्यात आणि ह्यांच्यात भिंत उरलेली नाही.

आणखी एक गोष्ट ह्या विजयाबरोबर सांगितलीच पाहिजे. तहाच्या अटी उदार होत्या. किल्ल्यातील शिबंदीला शस्त्रे, निशाण आणि वाद्ये ह्यांसह मानाने बाहेर पडू देण्यात आले. नागरिकांना चीजवस्तू नेण्याची मुभा मिळाली. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यात आली. आज वसईच्या गावागावांतून जी ख्रिस्ती मराठी कुटुंबे शेती करतात, शाळा चालवतात, मराठीत प्रार्थना करतात, त्यांच्या इतिहासात ह्या कलमाला स्थान आहे. दुसऱ्या बाजूने पाहता वसईच्या प्रार्थनामंदिरांतील घंटा विजेत्यांनी नेल्या, आणि त्या मराठी मुलखातील देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे, वाईजवळील मेणवलीच्या घंटेवर १७०७. भीमाशंकरलाही अशीच एक घंटा आहे. ज्या हातांनी त्या ओतल्या आणि जे हात आज त्या वाजवतात त्यांची परस्परांशी ओळख नाही. नाद मात्र तोच आहे. इतिहास शिकवताना तहाचे कलम आणि घंटा ह्या दोन्ही गोष्टी एकाच तासाला सांगाव्यात. एक सांगून दुसरी गाळणे शिक्षकाला शोभत नाही.

किल्ल्यात शिरल्यावर पडक्या मठांचे आणि चर्चचे अवशेष दिसतील. ह्याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानपर्यंत गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला त्याला क्रूसावर मरण आले. १८६२ मध्ये कॅथलिक चर्चने त्याला संत म्हणून घोषित केले. किनाऱ्यावरच्या माणसाला जग किती जवळ असते त्याचे हे उदाहरण. भिंतींवर चढू नये, त्यांवर नावे कोरू नयेत, हे मुलांना आधीच बजावावे.

माळव्याचा वसईशी असलेला संबंध येथेच संपत नाही. १७८० च्या अखेरीस इंग्रज सेनापती गॉडर्डने वसईला वेढा घातला. त्यानेही जमिनीच्याच बाजूने मोर्चे बांधले आणि किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांना परत मिळाला. त्या तहाचा मध्यस्थ होता राणोजींचा मुलगा महादजी शिंदे. बापाने वाळूतून मिळवलेले मुलाने वाटाघाटीने परत आणले. पुढे २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकराने पुणे जिंकले. दुसरा बाजीराव कोकणात पळाला आणि समुद्रमार्गे वसईला येऊन त्याने इंग्रजांचा आश्रय घेतला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे जो तह झाला त्यात त्याने सहा पलटणींची इंग्रजी तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख मान्य केला. शिंदे, होळकर आणि पेशवा ह्यांच्यातील कलहाचा शेवट असा झाला. पुढच्या सोळा-सतरा वर्षांत होळकर, धार आणि देवास ह्यांनाही इंग्रजांशी तह करावे लागले. एकजुटीने घेतलेल्या किल्ल्याच्या गावातच फुटीचा कागद लिहिला गेला. त्रेसष्ट वर्षांतील हे दोन प्रसंग एकाच जागी उभे राहून सांगता येतात, असे स्थळ महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो वर्तमानाशी निगडित आहे. ज्या वाळूने १७३९ चा इतिहास घडवला ती वाळूच आज धोक्यात आहे. बांधकामासाठी पुळणीची वाळू उपसली गेली. लाटांनी किनारा खाल्ला. ठिकठिकाणी सुरूची झाडे मुळे उघडी पडून आडवी झालेली दिसतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईकरांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली 'हरित वसई'ची चळवळ उभारली, ती विहिरींच्या पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी. हेच फादर दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते निवर्तले. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने पुळणीवरील वाळू काढण्यास आणि वाळूच्या टेकड्या सपाट करण्यास बंदी घातली. पण कायद्याचा कागद एकट्याने टेकडी राखीत नाही. तिच्यावर प्रेम करणारी माणसे लागतात, आणि पाहिल्यावाचून प्रेम जडत नाही.

म्हणून बेत आखताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तिथी सप्तमी-अष्टमीची धरावी. संख्या वीस-पंचविसांहून अधिक नसावी. पायांत पट्ट्यांची वहाण, डोक्याला टोपी आणि प्रत्येकाजवळ पिण्याचे पाणी असावे. अनोळखी पाण्यात कोणीही पोहावयास उतरू नये. वाळूच्या उंचवट्यांवरून धावू नये. मर्यादवेल तुडवली, की तेवढ्या जागी वाऱ्याला वाट मिळते. बरोबर नेलेला कागद व प्लॅस्टिक बरोबर परत आणावे. शिंपले हवे तेवढे पाहावेत, पण पिशव्या भरून आणू नयेत. आणि प्रत्येक विद्यार्थ्याने परतल्यावर तेथे भेटलेल्या एका माणसाविषयी अर्धे पान लिहावे: त्याचा व्यवसाय, त्याची बोली, त्याच्या विहिरीचे पाणी. किल्ल्याचे वर्णन पुस्तकात मिळते. हे अर्धे पान कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

श्रोतेहो, आपल्या पूर्वजांनी माळव्यातून त्या पुळणीपर्यंतची वाट हातात शस्त्र घेऊन काटली. ती वाट आपल्यासाठी मोकळी आहे, आणि पलीकडे राहणारी माणसे आपलीच भाषा निराळ्या सुरात बोलतात. येत्या हिवाळ्यात आपल्या शाळांपैकी एक-दोन शाळांनी जरी पंचांग पाहून हा बेत पक्का केला, आणि बागलीची वीस मुले अर्नाळ्याहून वसईपर्यंत वाळूवरून चालून आली, तरी इतिहासाच्या तासाला पुढील वर्षभर पुरेल एवढी शिदोरी त्यांच्यापाशी जमेल.